बगळ्याला नीळ

माझ्या मामेसासऱ्यांइतका बारीक बघणारा माणूस ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि होऊ नये अशी त्यांच्या नातेवाइकांची मनापासून इच्छा आहे. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीच्या या मामांनी मला ना शिक्षण विचारलं, ना धंदा. शेजारी येऊन बसले, माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरली, खिशातून घडीचं छोटं भिंग काढून तिच्यावर ठेवलं, त्यात डोळा घातला आणि सगळ्या बैठकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सूत चांगलं हाय. शिलाई घाईची हाय." लग्न ठरलं. ते शेवटचं वाक्य शर्टाबद्दल नव्हतं, असं माझी बायको अजून म्हणते.

मामा मानकोलीकडचे, खाडीकाठच्या शेतकरी घरातले. पण उमेदीची सगळी वर्षं भिवंडीत एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कापड तपासण्यात गेली. लूमवरून, म्हणजे यंत्रमागावरून, उतरलेला कापडाचा प्रत्येक ताका त्यांच्या टेबलावरून सरकत जायचा आणि ते पास किंवा नापास म्हणायचे. तुटलेला धागा, तेलाचा डाग, एका सुतात मिसळलेलं दुसरं सूत, काही म्हणजे काही सुटत नसे. ही सवय त्यांनी कधी पेढीवर ठेवून घरी येणं जमवलं नाही. पंगतीत बसले की आधी पत्रावळीचे टाके बघत. कुणाच्या मयताला गेले तरी परत येताना मामींना हळूच सांगत, "कफन मिक्स सुताचं होतं." मामी म्हणायच्या, "तीस वर्सं संसार केला, पन माज्याकडं कवा भिंग लावून बगलं न्हाय." यावर मामांचं उत्तर ठरलेलं होतं: "पास मालाकडं कोन परत बगतो?" मामींना हे आवडायचं की नाही ते मला कधीच कळलं नाही, पण त्या लगेच चहा टाकायच्या.

ते निवृत्त झाले त्याच सुमाराला त्यांची उरलेली जमीन गोदामांसाठी गेली. गावातल्या बाकीच्यांनी बंगले बांधले, दारात गाड्या उभ्या केल्या. मामांनी डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्याला दुधीभोपळ्याएवढी लेन्स. मग हा माणूस पहाटे हाफ पँट घालून खाडीच्या चिखलात उतरायला लागला. झाडावरच्या पक्ष्यांत त्यांना रस नव्हता. पाण्यात पाय बुडवून उभे राहणारे तेवढे त्यांचे. बगळे, वंचक, शेकाट्या, तुतवार. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "ते उभं राहून काम करतात. मीपन जनमभर उभा राहूनच काम केलं."

आता माझं सांगतो. भिवंडीतच कामतघरला माझा फोटो स्टुडिओ. संगणक नवा होता आणि मी लग्नाच्या अल्बमांवर पोट भरत होतो. नवरीच्या चेहऱ्यावरचा मुरूम पुसायचा, काळवंडलेला नवरा उजळायचा, पाठीमागे काश्मीर लावायचं. मामांनी पहिल्यांदा शेकाट्याचा फोटो आणला तेव्हा मी त्यालाही नवरीसारखाच सजवला. धार वाढवली, रंग चढवले, पाणी गुळगुळीत केलं. मामांनी पडद्याला नाक टेकवून तो बघितला. मग म्हणाले, "जावय, तुमी याचा खून केला."

मी म्हटलं, "मामा, एकेक पीस मोजता येतंय बघा."

"तेच तर. खाडीवर मला मोजता येत न्हाय, मग तुमाला कसं येतं?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "पिसाच्या कडंला ही पांढरी रेघ कशाची? पक्षी कातरीनं कापून चिकटवलाय जनू. कापडाला कांजी जास्त झाली की ते कडक होतं, दुकानात उभं राहतं, पन अंगावर बसत न्हाय. पिसाला कांजी लावू नका."

त्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली. संगणकावरची धार वाढवायची पट्टी मी उजवीकडे सरकवायला लागलो की मामा माझं मनगट धरायचे. कमी उजेडात फोटोवर उमटणारे बारीक दाणे घालवायला गेलो तर म्हणायचे, "मेन लावताय का मेन?" आणि खरंच, दाणे जास्त पुसले की पीस मेणाच्या बाहुलीवर रंगवल्यासारखं दिसायचं. एकदा तर त्यांनी आपलं भिंग थेट पडद्यावर ठेवून त्यात डोळा घातला आणि घाबरून मागे सरले. "यात नुसतं लाल, हिरवं, निळं ठिपकं हायत. बगला कुठं गेला?" ते समजावून सांगण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आणि एका नवरीचा अल्बम लांबला. तशात लोडशेडिंग. वीज गेली की गल्लीतले सगळे लूम एकदम गप्प व्हायचे, संगणक विझायचा, आणि त्या अनोळखी शांततेत मामा मला पंखावरची पिसं कौलांसारखी एकावर एक कशी बसतात ते आपल्याच बोटांनी करून दाखवायचे. दोन वर्षांत मी इतका बदललो की नवरीच्या गालावरचा तीळ पुसताना माझा हात अडखळायला लागला. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली.

मग शहरातल्या एका शाळेने मामांच्या फोटोंचं प्रदर्शन आपल्या सभागृहात भरवायचं ठरवलं. मामांनी चोवीस फोटो निवडले. मधोमध लावायचा होता तो मोठ्या बगळ्याचा, विणीच्या दिवसांतला. त्या दिवसांत त्याच्या पाठीवर केसांसारखी बारीक, झिरझिरीत पिसं फुटतात आणि वाऱ्यावर भुरभुरतात. मामा त्यासाठी चिखलात तीन आठवडे उभे राहिले होते. एवढी पांढऱ्यावर पांढरी नजाकत एकाही पिसाला धक्का न लावता कागदावर उतरवायची, म्हणून मी श्वास रोखून काम केलं. मामा आले, बघितलं आणि म्हणाले, "पिसं झकास. पन बगला पिवला हाय. निळं टाका."

मी थोडं निळं टाकलं. "अजून," मामा म्हणाले. अजून टाकलं. "अजून." शेवटी बगळा शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा मामांचा चेहरा उजळला. "आता कसा पांढरा सफेद झाला."

मला वाटलं, थट्टा करताहेत. म्हणून वळून त्यांच्याकडे बघितलं आणि प्रथमच लक्षात आलं की त्यांच्या अंगातला नेहमीचा पांढरा सदरा आभाळासारखा निळा होता.

दुसऱ्या दिवशी ते खाडीवर गेलेले बघून मी मामींकडे गेलो. दोरीवर पाच निळे सदरे वाळत होते. मामी म्हणाल्या, "काय करू? रोज म्हनतात कपडं पिवलं निघतात, नीळ वाढव. वाढवून वाढवून माजी बोटं निळी झाली. त्यांच्या डोल्यात काय तरी हाय, जावय. मला कवाच कललंय."

"मग सांगितलं का नाही?"

"ज्यानं जनमभर लोकांचं डाग काढलं, त्याला सांगू तुज्या डोल्यात डाग हाय? तुमी सांगा."

मी सांगणार होतो. दोनदा स्टुडिओत विषयही काढला. पण मामा दोन्ही वेळा फोटोवर वाकून पिसं बघत होते आणि ती त्यांना माझ्यापेक्षा चांगली दिसत होती, निदान तसं ते बोलत तरी होते. मी विषय बदलला. शेवटी मी भेकडासारखा मधला मार्ग काढला. त्यांच्यासमोर निळं टाकलं, आणि ते गेल्यावर काढून टाकून बगळा जसा होता तसा छापला. ज्यांनी मला फोटोत लबाडी करू नये हे शिकवलं, त्यांच्याशीच लबाडी केली.

प्रदर्शन छान झालं. लोक मधल्या बगळ्यासमोर थांबत होते. मामा लांब उभे राहून ऐकत होते. मला एवढंच म्हणाले, "जरा पिवला वाटतो. ट्यूबलाईटचा दोष असंल." मी होकार दिला.

डोळ्यांचं काम मामींनी केलं. मला कमी दिसतं, सोबत चला, असं सांगून त्या मामांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या आणि तिथे त्यांनाच खुर्चीत बसवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकत आलेला. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आधी झाली.

पुढे पंधरवड्याने मामा काळा चष्मा लावून स्टुडिओत आले. बगळ्याचा फोटो प्रदर्शनानंतर मी भिंतीवर लावला होता. त्यांनी चष्मा काढला. डावा डोळा हाताने झाकून फोटो बघितला. मग उजवा झाकून. मग पुन्हा डावा. माझी लबाडी उघडी पडली हे मला कळलं आणि मी हातातलं काम खाली ठेवलं.

"एका डोल्यानं दुधासारखा हाय," मामा म्हणाले, "दुसऱ्यानं तुपासारखा. जावय, मी सांगितलेलं निळं यात न्हाय."

"नाही, मामा. मी काढून टाकलं होतं."

मी ओरडा खायची तयारी केली. पण ते स्टुलावर बसले. बाहेर लूम खडखडत होते. चष्मा पुसत म्हणाले, "बगल्याचं ठीक हाय. बगल्याला काय फरक पडतो. पन पेढीवरच्या शेवटच्या दोन वर्सांत मी किती माल पिवला म्हनून नापास केला. त्यातला खरा पिवला किती असंल?"

 मामांच्या डोक्यात एक नाव होतं. करीमभाई. सहा लूमचा छोटा मालक, स्वतः उभा राहून कापड काढणारा. त्याचा माल मामांनी लागोपाठ दोनदा परत पाठवला होता. तो वाद न घालता ताके उचलून घेऊन गेला होता, तेच मामांना आता टोचत होतं. मी त्यांना स्कूटरवर बसवून नेलं.

करीमभाई लूमवर वाकून तुटलेला धागा जोडत होते. दाढीत, भुवयांत, पापण्यांवर कापसाची कणी बसलेली. मामांना बघून लगबगीने बाहेर आले, खाट झटकली. मामा बसले नाहीत. त्यांच्या पेढीवरच्या हिंदीत म्हणाले, "करीमभाई, मेरी आँख में मोतीबिंदू था. तुम्हारा माल शायद अच्छा था. मैंने नापास किया."

करीमभाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नहीं साहब," ते शांतपणे म्हणाले, "सूत ही पुराना था, पीला पड़ गया था. आपने ठीक पकड़ा था."

परत येताना मामा पाठीमागून म्हणाले, "खरं बोलला का तो?"

"मला काय कळतं कापडातलं," मी म्हटलं.

 चार दिवसांनी कॅमेरा घेऊन मामा एकटेच तिकडे गेले आणि करीमभाईंचा लूमजवळ उभा असलेला फोटो काढून आणला. पक्षी सोडून त्यांनी काढलेला तो पहिला फोटो. मी संगणकावर उघडला आणि सवयीने विचारलं, काय करू. "काय बी न्हाय," मामा म्हणाले. "दाढीतली कापसाची कनीपन काढू नका." तसाच छापला. चौकट करून आम्ही तो नेऊन दिला. करीमभाईंनी हात पुसून घेतला, हातभर लांब धरला. "इसमें तो मैं बूढ़ा दिखता हूँ, साहब."

"बराबर आया है," मामा म्हणाले. त्यावर दोघंही हसत बसले. मी इतकी वर्षं लोकांना तरुण करून देत आलो, पण कुणी इतका वेळ हसल्याचं आठवत नाही.

मामांनी दुसरा डोळाही करून घेतला. मामींची बोटं पुन्हा गोरी झाली. करीमभाईंनी त्याच हिवाळ्यात लूम विकले आणि बायकोमुलांसकट उत्तरेकडे आपल्या गावी जायला निघाले. वडप्याच्या नाक्यावर त्यांना निरोप द्यायला आम्ही गेलो होतो. सामानाच्या ट्रकमध्ये ती चौकट पासोडीत गुंडाळून सगळ्यात वर ठेवलेली होती. ट्रक हायवेला लागला आणि लहान लहान होत गेला. मला तो केव्हाच दिसेनासा झाला. मामा मात्र कपाळावर हाताची सावली धरून उभेच होते. मी म्हटलं, "चला मामा, गेले ते."

"न्हाय," मामा म्हणाले, "अजून दिसतात."