वायर नसलेलं मशीन

बाबा बाथरूममध्ये घसरून पडले त्याला दोन महिने झाले होते, आणि भिंतीला लावायचा स्टीलचा दांडा अजून खोक्यातच होता. कमोडवरून उठताना धरायला तो हवा होता. आमच्या इमारतीचा कामवाला तीनदा 'उद्या येतो' म्हणाला आणि आला नाही. चौथ्यांदा त्याची वाट बघायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी बॅटरीवर चालणारं ड्रिल मशीन विकत आणलं. वय एक्कावन्न, दिवसभर फोर्टमधल्या ऑफिसात फायली, घरी आल्यावर स्वयंपाक, आणि आता हेही. पण करणार कोण? लालबागच्या या चौदाव्या मजल्यावर आम्ही दोघंच.

मशीन बघून बाबांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला आवडली नाही. बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडून इतकी वर्षं झाली तरी घरात कुठे स्क्रू ढिला झाला की त्यांना तो आपल्या खात्यातला वाटतो. आता वय अठ्ठ्याहत्तर, उजवा हात थरथरतो, चहाचा कप बशीत ठेवेपर्यंत माझा जीव वर-खाली होतो. त्यांनी मशीन हातात घेऊन वजन तोललं आणि सांगून टाकलं, "दांडो मीच लावतलंय."

मी नाही म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. रोज संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत हाच विषय. मला त्यांच्या बोटांची भीती वाटत होती आणि त्यांना आपल्या हातून शेवटचं काम जाण्याची. हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळून उपयोग नसतो. दमलेल्या माणसाला समजूतदारपणा परवडत नाही.

मी आधी स्वतः शिकले. बिल्डरने जाताना ठेवलेल्या दोन जादा टाइल्स गॅलरीत जाड लाकडी फळीवर घेऊन बसले. केस घट्ट बांधले, बांगड्या काढल्या, ओढणी आत खुंटीला अडकवली, डोळ्यांवर चष्मा चढवला. टाइलवर चिकटपट्टी लावली म्हणजे भोक पाडणारं टोक, म्हणजे बिट, घसरत नाही. सुरुवात हळू गतीने, हातोडीसारखे ठोके मारायचं बटण बंद ठेवून. ते चालू राहिलं तर टाइल तडकते. पहिली तडकलीच. दुसरीला नीट भोक पडलं. काम झाल्यावर हवेच्या फटींतली धूळ ब्रशने झाडायची आणि बॅटरी काढून ठेवायची. तिला उन्हात किंवा रात्रभर चार्जरवर ठेवायचं नाही. बिट बदलतानाही बॅटरी बाहेर. बाबा दारात उभे राहून सगळं बघत होते. मी हात पुसत म्हटलं, बघितलंत ना, किती भानगडी आहेत. ते म्हणाले की गिरणीतल्या साच्यांपुढे, त्या अवाढव्य मागांपुढे, हे खेळणं आहे.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. गिरणीत यंत्रं धुऊनपुसून हार घालायचे, नारळ फुटायचा, आणि फिटर लोकांचा तो मानाचा दिवस असायचा. घरी बाबा दरवर्षी पाना, पक्कड, हातोडी पाटावर मांडतात. या वर्षी पाटावर नवीन पाहुणा असणार हे उघड होतं. आदल्या दिवशी ऑफिसातून येताना दादरला उतरून मी गर्दीत झेंडूचे हार घेतले. खांदा दुखत होता. खंडेनवमीची मी रजा घेतली होती, तेव्हा पूजा झाली की दुपारी दांडा लावूनच टाकायचा असं मी ठरवलं. सकाळी उठल्या उठल्या बॅटरी चार्ज केली, आणि भरली तशी मशीनला लावून ठेवली. ही चूक माझी. नंतर मी ती बाबांच्या माथी मारायचा प्रयत्न केला, पण चूक माझीच होती.

मी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होते. बाबांनी आंघोळ करून पाट मांडला. सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावलं. हातोडीला फुलं वाहिली. मग ड्रिल उचललं. उजव्या हातात मूठ धरली आणि डाव्या हाताने पुढच्या टोकाभोवती हार गुंडाळू लागले. थरथरणारं बोट खटक्यावर पडलं.

आवाज एक क्षणच आला. मी धावले तेव्हा झेंडूच्या पाकळ्या खोलीभर उडाल्या होत्या. हाराचा दोरा बिट धरणाऱ्या चकभोवती पिळला होता आणि त्याच दोऱ्यात बाबांच्या डाव्या हाताची तर्जनी अडकली होती. मी बॅटरी खेचून काढली, कात्रीने दोरा कापला. नख उलटलं होतं, बोट खोल कापलं होतं. बाबा बोटाकडे नाही, मशीनकडे बघत होते.

"तेका वायर खंय आसा?" ते हळूच म्हणाले. "माका वाटला, बंद आसा."

तिथे मला सगळं उमगलं. हा माणूस कधीही निष्काळजी नव्हता. गिरणीत यंत्रात हात घालण्याआधी फ्यूज काढून खिशात ठेवणारा. घरी साधा पंखा पुसायचा तरी मेन स्विच पाडणारा. आयुष्यभर त्याने वायर कुठून येते ते आधी बघितलं. या मशीनला वायरच नव्हती, म्हणजे त्याच्या हिशेबी ते झोपलेलं होतं. मी बॅटरीबद्दल एवढं भाषण दिलं, पण बॅटरी आत असली की मशीन जागं असतं, हे एक वाक्य मी बोललेच नाही. खटक्याजवळचं दिशा बदलायचं बटण मधोमध ठेवलं की खटका दाबला जात नाही, तेही नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी चार टाके घातले. रिक्षा मिळत नाही इकडे, परतताना टॅक्सीसाठी उभं असताना मी बाबांवर चिडले. या वयात कशाला, असं भर रस्त्यात बोलले. त्या दिवसापासून त्यांनी मशीनचं नावही काढलं नाही. नळ गळत होता, तोही त्यांनी गळू दिला. मी जिंकले होते, आणि मला ते अजिबात आवडत नव्हतं.

टाके निघाल्यावरच्या रविवारी मी दांड्याचं खोकं उघडलं. नळाची पाइपलाइन कुठून जाते ते इमारतीच्या नकाशावर बघून घेतलं. माहितीपत्रकात उंची लिहिली होती, तेवढी टेपने मोजून भिंतीवर पेन्सिलने खूण केली. बाबांना बोलावलं नव्हतं, पण ते आले. बॅटरी बाहेर आहे ना, एवढं त्यांनी पाहिलं. मग कमोडचं झाकण लावून कपड्यांसकट त्यावर बसले आणि उठून दाखवल्यासारखे उठू लागले. हात भिंतीवर माझ्या खुणेपर्यंत पोचला, पण ताण पडत होता. ते पुन्हा बसले आणि हात खुणेच्या जरा खाली भिंतीवर टेकवला.

"थोडो खाली घे, बाय," ते म्हणाले. "फुडच्या वर्साक मी आणखी वाकतलंय."

मी ओल्या बोटाने पहिली खूण पुसली. त्यांनी हात जिथे टेकवला होता, तिथे दुसरी केली.