लाल गाडीतल्या दोन लठ्ठ बाया

घाटकोपरच्या पोलीस ठाण्यावर फौजदार होतो तेव्हाचं ते टोपांचं प्रकरण इतक्या वर्षांनीही माझ्या डोक्यातून जात नाही. ते मीच सोडवलं, हे खरं. पण पहिला घोळही मीच घातला होता, हे आधीच सांगून टाकतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमच्या हद्दीत ख्रिस्ती शेतकऱ्यांचं एक जुनं गाव होतं. चर्चमागच्या खोलीत गावकीचे दोन तांब्याचे टोप असत, लग्नाकार्याचा भात शिजवायचे. एकेक टोप उचलायला दोन माणसं लागायची. एका रविवारी सणाची प्रार्थना आणि मिरवणूक होती. सगळं गाव तिकडे असताना दोन्ही टोप नाहीसे झाले. कुलूप किल्लीने उघडलेलं होतं, आणि किल्ली दाराशेजारच्या खिळ्यालाच टांगलेली असायची. गावप्रमुखाच्या मुलीचं लग्न पुढच्याच रविवारी होतं. म्हातारा तरातरा ठाण्यात आला आणि चोर आजच्या आज हजर करा म्हणून बसला.

मी हिशेब केला, एवढं धूड न्यायला बैलगाडी हवीच. त्या सकाळी गावावरून एकच बैलगाडी गेली होती. तबेल्याला गवत पोचवणारा एक मालवणी गाडीवान होता, त्याची. झालं. उचलला. हवालदाराने त्याला दोन ठेवून दिल्या आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्याची आज मला लाज वाटते.

"सायबानू, माझ्या गाडयेत गवात होता, टोप नाय होते," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

कोर्टाने शुक्रवारपर्यंत रिमांड दिला. तबेलेवाल्याने निरोप धाडला की शुक्रवारी माणूस कामावर आला नाही तर गाडी दुसऱ्याला देणार आणि खोलीही काढून घेणार. त्याची बायको रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची. कोठडीतलं जेवण उघडून तपासावं लागे आणि ती भाकरी फडक्यात बांधून आणायची, तपासताना भाकरीचा चुरा व्हायचा. म्हणून आमच्या हवालदाराने आपला पितळी डबा तिला दिला. मारणारा तोच आणि डबा देणाराही तोच. पोलिसात अशी माणसं पुष्कळ असतात.

बुधवारी सकाळी टोप जागेवर हजर! गावप्रमुख म्हणाला, गाडीवानाच्या साथीदारांनी घाबरून आणून टाकले, तुम्ही केस सोडू नका. मी पंचनाम्याला गेलो. टोप चिंचेने घासून लख्ख केलेले, आणि प्रत्येकाच्या तळाशी मूठभर तांदूळ. तिथे उभी असलेली एक म्हातारी सहज बोलून गेली की मागून नेलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. माझी आईसुद्धा शेजारणीची वाटी कधी रिकामी पाठवायची नाही. चोर कशाला तांदूळ ठेवील? ज्याने नेले त्याच्या लेखी ते त्याने मागूनच नेले होते, आणि किल्ली कुठे असते हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे माणूस गावातलाच.

त्याच दुपारी भांडुपच्या रेल्वे फाटकावरचा दिवसपाळीचा गेटमन ठाण्यात आला. त्याची तक्रार ऐकून सगळे हसले. रविवारी लाल रंगाची छोटी, दोन माणसांची रेसची गाडी फाटकातून दोनदा गेली म्हणे. दोन्ही वेळा ड्रायव्हरशेजारी चादर पांघरलेली लठ्ठ बाई. गाडी तिच्या बाजूला पार कललेली.

"दोन बाया गेल्या साहेब, परत एकही आली नाही," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला.

मी हसलो नाही. तशी लाल गाडी आमच्या हद्दीत एकच होती, एका डॉक्टरांची. ती आग्रा रोडवरच्या गॅरेजात दुरुस्तीला येई, आणि तिथला मिस्त्री त्याच गावचा होता. डॉक्टरांना विचारलं. रविवारी आणि परत मंगळवारी गाडी गॅरेजातच होती.

मिस्त्रीला मी ठाण्यात बोलावलं नाही. टोपच गॅरेजात नेला आणि म्हटलं, हा या गाडीत बसवून दाखव. तो म्हणाला, शक्यच नाही साहेब, एवढीशी गाडी. मी डावीकडच्या सीटचे बोल्ट दाखवले. चारही ताजे उघडलेले. तरी गडी नाहीच म्हणत राहिला.

मग मी आवाज न चढवता म्हटलं, "तुझ्या टोपांपायी एक गाडीवान आत आहे. शुक्रवारी त्याचं घर जाणार. त्याची बायको पायरीवर बसलीय, चल, तिला सांग."

त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. त्याच्या बहिणीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून गावाने तिला तोडलं होतं. सोमवारी भांडुपला तिच्या मुलीचं लग्न होतं, आणि गावप्रमुखाने टोप द्यायला नकार दिला होता. याने सीट काढली, गॅरेजातल्या पोराला हाताशी घेऊन टोप उपडा बसवला, वर डोक्यासारखं पातेलं ठेवून चादर गुंडाळली. लग्न उरकून लगेच परत करणार होता, पण मधे डॉक्टर गाडी घेऊन गेले. मंगळवारी ती परत आली तेव्हा त्याने रात्रीतून टोप पोचवले.

"मग तांदूळ कशाला ठेवलेस? त्यानेच सापडलास."

"रिकामे कसे ठेवू साहेब? गावचे आहेत ना ते."

मी सगळं जसंच्या तसं लिहून कोर्टापुढे ठेवलं. टोप गावकीचे आणि नेणारा गावकरी, चोरीचा हेतू नाही. गावप्रमुखाने आदळआपट केली, पण कोर्टाने माझं म्हणणं मानलं. गाडीवान गुरुवारीच सुटला आणि तबेलेवाल्याकडे मी स्वतः गेलो. गाडी राहिली, खोली राहिली.

टोप कशातून गेले असतील एवढंच मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. ते कोणाला हवे होते हे विचारलं असतं तर गाडीवानावर हात पडला नसता. पुढच्या सगळ्या नोकरीत मी हा प्रश्न आधी विचारला.

शुक्रवारी सकाळी गाडीवानाची बायको हवालदाराचा डबा परत करायला आली. राखेने घासलेला, चकचकीत. माझ्याकडे न बघता तिने तो टेबलावर ठेवला आणि निघून गेली. हवालदाराने झाकण उघडलं. आत मूठभर तांदूळ होते, रेशनचे. त्याने झाकण लावलं आणि डबा तसाच कपाटात ठेवून दिला.