पुतळीच्या गळ्यातली टिटवी

पेणच्या खाडीकाठी मिठागरावर कामाला जाणाऱ्या पुतळीच्या गळ्यातून लहानपणापासून टिटवीसारखा आवाज निघायचा. बोलताना, जेवताना, मीठ ओढताना मान झटकायची आणि आवाज फुटायचा. टिटवी ओरडली की कोणीतरी जातं, असं गाव मानायचं. घरात आजारी माणूस असलं की पुतळीला बघून दारं लागायची. सासूने, कृष्णाबाईने, अंगारे लावले, उतारे टाकले. काही फरक पडला नाही.

१९९६ साली नवरा सखा तिला रोह्याला घेऊन गेला. तिथे डॉक्टर नम्रता असे झटके येणाऱ्या माणसांचा अभ्यास करत होत्या, आणि काय बरं व्हायला हवं ते त्यांनाच विचारत होत्या.

"तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

हे पुतळीला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"आवाजाचा नाय, बाई. आवाजाच्या आधी गळ्यात कायतरी चढतं. जितं हाय असं वाटतं. बाहेर सोडल्याबिगर ऱ्हात नाय."

"मग ते चढताना ओळखायला शिकू. ते आलं की ओठ मिटायचे आणि ते उतरेपर्यंत नाकाने सावकाश श्वास घेत राहायचं."

सखाने शेजारी बसून हळूच "श्वास" म्हणायचं, असं ठरलं. सुरुवातीला पुतळीच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पावसाळा सरेपर्यंत आवाज क्वचितच फुटू लागला.

मग शेजारचा गोविंदा वारला. बायका आल्या.

"काल रातीला तुझा आवाज आला. वरडलीस का गो?"

"नाय."

त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाय म्हणाली. बायका उठल्या तेव्हा पूर्वीपेक्षा जास्त घाबरलेल्या होत्या.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती आणि सखा मिठागराच्या बांधावरून परतत होते. गळ्यात ते चढलं. तिने ओठ मिटले. तेवढ्यात तिवरांच्या झाडीतून आवाज आला. पाखराचा नव्हे, शेवटी जरासा चिरकणारा, थेट तिचाच.

सखा सवयीने म्हणाला, "श्वास."

तिने मिटलेल्या ओठांकडे बोट दाखवलं. आवाज पुन्हा आला, जरा जवळून. सखाने तिचा हात घट्ट धरला. गळ्यातलं उतरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

"चला," ती म्हणाली. "माझा नाय तो."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती "बरं हाय" एवढंच बोलली, आणि ते खरं होतं. अंधार पडताना मात्र ती दोघं त्या बांधाने पुन्हा गेली नाहीत.