घरच्या बाईचे दिवस

धानाच्या पऱ्ह्यांचा, त्या कोवळ्या रोपांचा ओला वास आला की मला ती रोवणी आठवते. कृषी कॉलेजातला एक साहेब धानाचा लागवडखर्च लिहून घ्यायला माझ्या शेतात, बांधीच्या धुऱ्यावर आला होता. बियाणं, खत, रोजानं लावलेल्या बाया, मी सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "भाऊ, घरच्या बाईचे दिवस किती? आधी धरत नव्हते, आता नव्या हिशेबात तिची मेहनतही खर्चात धरतात." मला रागच आला. "माही बायको काही मजूर नाई, साहेब. शून्य लिवा." चिखलात वाकलेली बायको हसून म्हणाली, "मंग सकाळपासून इथी कोण रोवून राह्यलं, भूत?" बाया खिदळल्या. साहेबानं पुन्हा विचारलं. चार बायांपुढं मी कशाला माघार घेतो? शून्यच म्हटलं. तिचं हसू थांबलं. अंधार पडेपर्यंत ती रोवत राहिली. बायको वारून आता तीन वर्षं झाली. यंदा एक पोरगी मोबाईल घेऊन तेच विचारायला आली. "आजोबा, घरच्या बाईचे दिवस किती?" मी बांधीकडं पाहिलं. साऱ्या रोजाच्याच बाया. "शून्य लिव, पोरी," मी म्हटलं. ह्या खेपेला ते खरं होतं.