रांगेतून पुढे काढलेलं काम

आमच्या सहकारी साखर कारखान्यात कॉम्प्युटर एकच होता आणि त्यावर बसणारे आम्ही चार खात्यांचे चौघं. पगार, हिशेब, स्टोअर आणि शेतकी. शेतकीची मी. चौघांपुढे चार पडदे, पण मागे डोकं एकच, त्यामुळे मोठी कामं दिवसा चालवली की सगळ्यांचं टायपिंग अडायचं. म्हणून मोठी कामं रांगेत टाकून ठेवायची. चारचा भोंगा झाला की रांग बंद, आणि मशीन ती कामं एकामागून एक उरकायला घ्यायचं. काम रांगेत टाकायचा हक्क सगळ्यांना होता, पण त्याचा नंबर पुढेमागे करायचा पासवर्ड एकाच माणसाकडे. ते मशीनच्या थंड खोलीत बसायचे, आमच्या सगळ्यांपेक्षा जुने. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मीही म्हणायची, पण मनातून नाही.

ते दुष्काळाचं साल होतं. गावात टँकर दुपारी यायचा, पण रांग सकाळपासूनच लागलेली असायची, माणसांची नाही, भांड्यांची. ज्याचा हंडा जिथे, तिथे त्याचा नंबर. आम्ही चौघंही असल्याच गावांतून आलेलो, मग कारखान्यात वेगळं काय करणार? सकाळी खुर्चीवर टेकायच्या आत प्रत्येक जण आपापली कामं रांगेत टाकून मोकळा व्हायचा. त्या दिवसाची एक नोंदसुद्धा अजून टाइप झालेली नसायची. याला आम्ही हंडा लावणं म्हणायचो. “ताई, लावला का हंडा?” असं पगारवाला रोज विचारायचा, आणि मी हो म्हटलं की गुपचूप आपल्या पडद्यावर बघायचा, मी त्याच्या पुढे तर नाही ना. कुणाचा कुणावर काडीचा विश्वास नव्हता.

मंगळवारी माझे दोन हंडे असायचे, कारण त्या दिवशी उसाच्या तोडणीचा क्रम निघायचा. एरवी ज्याची लागण, म्हणजे लावणी, आधीची त्याचा ऊस आधी तुटायचा. पण त्या साली संचालक मंडळानं ठरवलं, ज्याची विहीर कोरडी पडली त्याला वर घ्यायचं. शेतकीची माणसं सोमवारी विहिरीत दोर सोडून पाणी मोजायची आणि ती मापं मी मंगळवारी टाइप करायची. माझा लहान हंडा म्हणजे ही मापं मुख्य फायलीत चढवायचं काम. त्याच्यामागे मोठा हंडा, फाईल बघून तोडणीचा क्रम लावायचं काम. माप त्याच आठवड्याचं लागायचं, जुनं चालायचं नाही. का, तर लोक एकदा विहीर उपसून कोरडी दाखवतील आणि तेवढ्यावर महिनाभर निभावतील, अशी मंडळाला शंका. म्हणजे नियमसुद्धा संशयातूनच निघालेला.

माझ्या घरचाही ऊस त्या रांगेत होता. घरचा म्हणजे आत्याचा. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. चौसाळ्याच्या अलीकडे आमचं रान. आत्यानं जन्मभर दुसऱ्याचा ऊस तोडला. दिवाळी झाली की बैलगाडीत संसार भरून घाटाखाली जायचं, पाचटाच्या कोपीत राहायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. माझ्या नवऱ्याचा जन्मसुद्धा कोपीतलाच. सासरे गेल्यावर तिनं कोयता आढ्याला खोचला आणि आपल्या रानात पहिल्यांदा ऊस लावला. कारखान्याचा सभासद म्हणून नाव लावलं तेही स्वतःचं.

“लोकाच्या फडात लई राबले,” ती म्हणायची. “आता माझ्या फडात टोळी आली पायजे. बास.”

आणि नेमकी त्याच साली विहीर आटली. उसाची पानं पिवळी पडायला लागली, कांड्या आखडल्या. जनावरांच्या छावणीला चारा पुरवणारे बांधावर येऊन उभे राहायचे. वाळून जाण्यापेक्षा चारा म्हणून देऊन टाका म्हणायचे. आत्या त्यांना बांधाच्या आत पाय ठेवू द्यायची नाही. पण कारखान्याची तोडीची चिठ्ठी आली नाही तर त्यांनाच हाक मारावी लागणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

एक मंगळवार गेला, दुसरा गेला. कागद बाहेर पडायचा तर वर नावं तीच, ज्यांना बोअरचं पाणी आहे आणि ज्यांची लागण सगळ्यांच्या आधीची. कोरड्या विहिरीवाले सगळे खाली. आत्याचं माप मी माझ्या हातानं टाइप केलं होतं. विहीर कोरडी असं स्वच्छ लिहिलं होतं. गावात कुजबुज सुरू झाली. सून कारखान्यात मशीनवर बसते आणि सासूचा ऊस वाळतोय, म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच. पाण्याच्या रांगेत बायका मी आले की गप्प व्हायच्या. ते एक वेळ चाललं असतं, पण एकदा भाकरी थापता थापता आत्याच म्हणाली, “तू तितं लिवतीस का नुस्ती बसतीस?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताटावरून उठले. हिच्याच उसासाठी मी डोळे फोडून मापं टाइप करत होते आणि हीच मला असं म्हणते? नवरा आष्टीकडे मास्तर, शनिवारी यायचा. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुम्ही दोघी बघून घ्या.

माझा सगळा संशय भाऊसाहेबांवर होता. पासवर्ड त्यांच्याकडे, संचालकांच्या जीपमधून त्यांचं येणंजाणं, आणि मी त्यांच्या खोलीत गेले की ते पडद्यापुढे थोडे आडवे व्हायचे. माझी कामं ते मागे ढकलतात आणि बागायतदारांचं काहीतरी मधे घुसवतात, असं मी धरूनच चालले होते. पुढच्या मंगळवारी चारचा भोंगा झाला तरी मी घरी निघाले नाही. प्रिंटरचा कागद संपलाय असं निमित्त काढून सरळ थंड खोलीत शिरले.

पहिली नजर पडली ती टेबलावरच्या फडक्यावर. हिरव्या लुगड्याचा तुकडा, काठाला पिवळी दोरी. त्यात अर्धं खाल्लेलं धपाटं. ते लुगडं मी आदल्या दिवाळीला माझ्या हातानं फाडून त्याची फडकी केली होती. आणि तीळ लावून, ओवा चुरडून असं धपाटं आमच्या घरात एकच बाई करायची.

मी काही बोलायच्या आत पडद्यावर रांग दिसली. माझं तोडणीचं काम मागे नव्हतंच. सगळ्यांच्या डोक्यावर, पहिल्या नंबरला, चालू झालेलं. आणि मापं चढवायचं काम पगाराच्याही मागे, होतं तिथेच. मोठा हंडा उचलून पुढे नेलेला, लहान हंडा मागेच राहिलेला. मापं फायलीत चढायच्या आधीच क्रम लागत होता. मशीन बघणार तर त्याला या आठवड्याची एकही कोरडी विहीर सापडणार नाही. मग ते बिचारं जुन्या रिवाजानं, लागणीच्या तारखेनं नावं लावत होतं.

“भाऊसाहेब, आमचं काम तुम्ही पुढं काढलं?”

“काढलं की,” ते म्हणाले. उपकार केल्याचा सूर होता. “दर मंगळवारी ऐन भोंग्याला काढतो, कुणाला दिसत न्हाई. तुमच्या आत्याबाई आलत्या इथवर चालत, आजबी येऊन गेल्या. म्हणल्या, सून सांगती रांग तुमच्या हातात, तर तोडणीचं काम तेवढं आधी घ्या. बाई मोठी कष्टाची. आपल्याच माणसाचं काम हाय, म्हणून काढतो. पगारवाल्याला बोलू नका.”

 मला आत्याचा राग आला, त्यांचा आला, त्या धपाट्याचासुद्धा आला. मग मी त्यांना समजावून सांगितलं, आधी मापं चढली पाहिजेत, मगच क्रम. म्हणून ते काम परत मागे घ्या.

भाऊसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी विहिरीत विष टाकायला आलेय. स्वतःचं काम मागे घ्या म्हणणारं माणूस त्यांनी त्या खोलीत पहिल्यांदाच पाहिलं होतं.

“तुमच्या खात्याचा प्रोग्राम तुमाला ठाऊक, मी नुसता नंबर बघतो,” ते म्हणाले. “पण ताई, घरातलं भांडण मशीनवर आणू नका. म्हातारी म्हणती पुढं घ्या, सून म्हणती मागं घ्या. उद्या ऊस वाळला तर ती माझ्या नावानं शंख करंल. तिनं सांगू द्या, मग बघू.”

वर खात्याच्या साहेबांकडे जायचं तर धपाट्याची गोष्ट निघाली असती आणि आत्यानं लाच दिली असं गावभर झालं असतं. त्या आठवड्याचा कागद पुन्हा तसाच निघाला. आता सगळं एका माणसावर येऊन थांबलं होतं, आणि त्या माणसाचा माझ्यावर विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि टँकरच्या रांगेत आत्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. समोर आमची कळशी आणि तिच्यामागे हंडा. बायका पांगल्या तशी मी हळूच म्हणाले, “आत्या, असं समजा की टँकरचं पाणी नुसतं कळशीतच पडतंय. कळशीतून हंड्यात ओतायचं. मग आधी कोण पाहिजे?”

“कळशी. हे काय इचारनं झालं?”

“आणि कुणी हंडा तेवढा उचलून पार पुढं नेला तर?”

“कोरडाच की मग.” ती थांबली. माझ्याकडे बघितलं नाही, हंड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी म्याच नेला.”

मी मान हलवली.

“खरं हाय का तू रचून सांगतीस? त्यो भाऊसायब चांगला माणूस हाय.”

“चांगलाच आहे. म्हणून तर घोळ झाला.”

 टँकर आला, भांडी भरली, घरी येईपर्यंत डोक्यावरच्या पाण्याखालून एक शब्द नाही. रात्री जेवतानाही नाही. तो आठवडा असाच गेला. माझा तिच्यावर आणि तिचा माझ्यावर डोळा. सोमवारी चाऱ्याचा माणूस बांधावर आला तेव्हा पहिल्यांदाच तिनं त्याला हाकललं नाही, बसायला सांगितलं. मी समजले, संपलं.

मंगळवारी भोंगा व्हायच्या थोडं आधी शिपाई सांगत आला की बाहेर एक म्हातारी आली आहे आणि आत सोडल्याशिवाय हलत नाही म्हणते. आत्या थंड खोलीच्या उंबऱ्याशी चपला काढून उभी होती. पदर डोक्यावर, हात रिकामे. या वेळी धपाटे नव्हते.

“भाऊसायब,” ती म्हणाली, “ही म्हनती तसं करा. आमचं मागं घ्या.”

“आत्याबाई, बघा हं. नंतर मला बोल लावायचा न्हाई.”

“न्हाई लावत. चुकलं तर तिलाच लावीन.”

भाऊसाहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. सासू आणि सून एका तोंडानं बोलतात, म्हणजे इथेच कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. पण त्यांनी नंबर बदलला. आत्यानं पडद्याकडे असं रोखून पाहिलं की जणू ते काम मागे सरकलेलं तिला वाचता येत होतं. वाचता येत नव्हतं, पण तिथून हलली नाही.

कागद निघाला तेव्हा वरची नावं बदललेली. कोरड्या विहिरीवाले सगळे वर, त्यांत आत्या. खाली गेलेल्या बागायतदारांनी दुसऱ्याच दिवशी ओरड सुरू केली की शेतकीतल्या बाईनं आपल्या सासूसाठी घोळ घातला. चौकशी झाली, साहेबांनी कागद उलटेपालटे करून पाहिले, नियमाप्रमाणेच होतं. ओरडणाऱ्यांचा काही त्यावर विश्वास बसला नाही. आजही नाही.

तोडणीची टोळी आली ती उमापूरकडची. आत्यानं सगळ्यांना पिठलं-भाकरी केली, टँकरचं पाणी हात राखून नाही, तांब्या भरभरून दिलं. मग आढ्याचा कोयता काढला आणि पहिला ऊस स्वतः तोडला. तिथून पुढे टोळीच्या मागे लागली, बुडातून तोडा, बोटभरसुद्धा वर ठेवू नका, शेंड्याचं वाढं इकडं टाका. टोळीतल्या बायका हसत होत्या. मुकादम कंटाळला होता.

ऊन तिरपं झालं तशी ती बांधावर माझ्याशेजारी येऊन बसली. मनात होतं ते मी विचारून टाकलं. “आत्या, घरात मी असताना त्यांच्याकडे का गेलता? माझ्यावर भरवसा नव्हता?”

“व्हता की. म्हनून तर गेलते.” तिनं कोयत्याला लागलेलं पाचट काढलं. “तुला सांगितलं असतं तर तू म्हनली असतीस, आत्या, रांगेत ऱ्हावा, येतंय आपलं. तू कुनाला मागं सारनार न्हाईस, मला ठावं हाय. मी जलमभर रांगेतच हाय गं. मुकादमाच्या दारात, काट्याला, पान्याला. लोकं मागून यिऊन पुढं गेले, मी बगत बसले. येकदा मला पुढं जायचं हुतं.”

मला रडू आलं. ती उठून मोळ्या बांधायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर होते. खिडकीतून वजनकाटा दिसायचा. तिथे उसाच्या गाड्यांची लांब रांग होती आणि तिच्यात कुठेतरी मधे आमची गाडी. आत्या मोळ्यांवर चढून बसली होती. गाडीवानानं तिला घरी जायला सांगितलं असणार, पण ती उतरली नव्हती. पदर कमरेला खोचून ती पुढच्या आणि मागच्या गाड्यांवर नजर ठेवून होती, मधे कुणी घुसतंय का ते बघत.