चौकाबाहेरचं रान

खर्डी स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला डोंगरावरचा चित्रकारांचा पाडा विचारला. ‘इथंच’ म्हणाला, आणि चढ सुरू होताच मला उतरवलं. पुढे रिक्षा जात नाही, हे त्याने मी उतरल्यावर सांगितलं.

ऊन चढलेलं, साग पानं झडून उभे, खाली भाताची खाचरं वाळलेली. वर पोहोचेपर्यंत माझी कलेविषयीची आस्था बरीच कमी झाली होती. पाडा फार जुना, इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या भिंतींवर चित्रं काढतात, असं ऐकून आलो होतो. पाहतो तर सगळ्या भिंती कोऱ्या.

“चित्र लगनाला काढतात,” दारात बांबू तासत बसलेला एक म्हातारा म्हणाला. “लगन झालं का पावसाआधी सारवून टाकायचं.”

“मग बघायचं काय?”

“नशीब तुमचं. आज देवकीच्या पोरीचं लगन हाय.”

देवकीबाई म्हणजे पाड्यातली सगळ्यात नावाजलेली चित्रकर्ती. ती अंगणात, घराकडे पाठ करून, रंगासाठी तांदळाचं पीठ पाण्यात कालवत होती. आत गेरूच्या भिंतीवर बाकीच्या बायका चौक काढत होत्या. या चौकोनात देवी बसते. तो नसला तर लग्न लागत नाही.

“तुम्ही नाही काढत?”

“चौक सवाशिणींनी (नवरा हयात असलेल्या बायकांनी) काढायचा. मालक गेलं माझं गेल्या साली.”

आजवर पाड्यातल्या प्रत्येक लग्नाचा चौक तिच्या हातचा होता. स्वतःच्या पोरीचाच तेवढा राहणार होता. मला फार वाईट वाटलं. मी पाणी मागितलं. तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणीही दिली. चटणीने डोळ्यांत पाणी आलं, ते सोयीचं झालं.

आतून तिची जाऊ ओरडली, “देवके, घोड्याचं तोंड कुनीकडं करू गो?”

“नवरीकडं,” देवकीबाई मान न वळवता म्हणाली.

मी डोकावून आलो. घोडा बकरीवर गेला होता. तिने विचारलं तेव्हा मी ‘छान झालाय’ म्हणालो. तिने विश्वास ठेवला नाही.

चौक पुरा झाल्यावर जाऊ बाहेर आली. उंबऱ्याशी बसलेल्या धवलेरीला (लग्न लावणाऱ्या बाईला) म्हणाली, “चौक झाला. भायेरचं रान कोनी काढायचं?”

धवलेरीने तंबाखू चोळत बराच विचार केला. “चौकाच्या भायेर देवी नाय बघत,” ती म्हणाली.

देवकीबाई उठली. बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ केलं आणि आत गेली. उन्हं कलेपर्यंत तिने उरलेली भिंत भरून काढली: मोहाची झाडं, माकडं, वाजंत्री, नाचणारी वरात. वरातीत सगळ्यांत पुढे, चौकाच्या रेघेला अगदी लागून, कमरेला कोयता लावलेला एक माणूस होता.

“हा कोण?” मी विचारलं.

“तिचा बापूस. पोरीच्या लगनाला नको काय?”

हळद लागलेली नवरी शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. जाऊही रडली. चटणी संपली होती, तरी मीही.

निघताना मी म्हणालो, “एवढं सगळं पावसाआधी सारवणार?”

“मीच सारवीन,” देवकीबाई म्हणाली. “लगनात होता ना तो? झालं मग.”

डोंगर उतरताना वरून वाजंत्री ऐकू येत होती. ती भिंत तशीच राहावी, असं मला स्टेशन येईपर्यंत वाटत होतं. देवकीबाईला तो माणूस फक्त लग्नाला हवा होता.