मावशीचा मखमली जोडा

आमच्या मामांइतका गंभीर माणूस उभ्या मराठवाड्यात नसेल, आणि लोकांना त्यांच्याइतकं हसवणाराही नसेल. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात. सगळं वर्ष ते कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये निजामाच्या वेळचे उर्दू कागद उलगडत बसायचे. पोलीस ॲक्शननंतर कारभार मराठीत आला, उर्दू वाचणारे एकेक करून रिटायर झाले, आणि तेवढ्या एका लिपीवर मामांची नोकरी शेवटपर्यंत टिकली. पण वर्षातून एक दिवस ते रजा टाकायचे, अजिंठ्यापलीकडच्या आपल्या गावी यात्रेला जायचे आणि नऊवारी नेसून तमाशात मावशी व्हायचे. गौळणीत दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची म्होरकी असते ना, ती मावशी. ती कायम पुरुषच करतो. गावची हौशी मंडळी, दुपारचा खेळ, आणि समोर पंचक्रोशी लोटलेली. तिथंही मामा हसायचे नाहीत. कचेरीत असायचा तोच चेहरा, फक्त कपाळाला आडवं कुंकू.

मुलगी पाहायला आम्ही पुंडलिकनगरला त्यांच्या घरी गेलो तेव्हा मला मामा दिसायच्या आधी त्यांचा जोडा दिसला. लोखंडी कपाटावर, देवांच्या तसबिरींच्या शेजारी, पाटावर ठेवलेला. हिरवी मखमल, वर जरीची वेल, बायकी घाट, आणि लांबी म्हणाल तर माझ्या वडिलांच्या बुटापेक्षा चार बोटं जास्त. सासूबाई जाऊन तीन वर्षं झालेली, घरात बाईमाणूस म्हणजे ही एकटी मुलगी. वडिलांनी आईला हळूच कोपरानं ढोसलं. आई न पडलेला रुमाल शोधायला खाली वाकली. तेवढ्यानं भागेना, म्हणून वडील म्हणाले, “बाळ, जरा चालून दाखव.” ती चालली. पाय चारचौघींसारखेच निघाले. मग मात्र वडिलांना राहवेना. “तो जोडा कुणाचा म्हणायचा?” मामांनी बशी खाली ठेवली. “माझा. मी तमाशात मावशी करतो. पुढं बोलणं वाढवायच्या आधी तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.” परतताना एसटीत वडिलांनी तिकिटं घेतली. मग म्हणाले, “माणूस सरळ आहे. लपवलं नाही.” माझं लग्न असं त्या जोड्यावर ठरलं.

तो जोडा शहागंजातल्या एका म्हाताऱ्या चाचानं शिवलेला होता. मामांनी कागदावर काढून नेलेलं पाऊल पाहून तो म्हणाला होता, “इत्ते बरस से जूते बना रऊँ मियाँ, इत्ते बड़े पाव की औरत नै देखा.” मामा म्हणाले, “देखना है तो जत्रा को आव.” चाचा खरंच गेला, आणि त्यानंतर दर वर्षी जात राहिला. पहिल्या रांगेत बसायचा आणि पूर्ण खेळभर मावशीच्या पायांखेरीज कुठंही बघायचा नाही. आता तुम्ही विचाराल, बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या स्टेजवर, सगळे अनवाणी, मग मावशीच्याच पायात जोडा का? मीही विचारलं होतं. मामा म्हणाले, “पाहुणे, मावशी घरंदाज बाई. इतक्या पोरी घेऊन मथुरेला निघाली ती अनवाणी जाईल व्हय?” पण बोर्ड म्हणजे त्यांच्या लेखी देऊळ. रस्त्यावरची वहाण तिथं चालायची नाही. म्हणून त्या जोड्यानं रस्ता कधी पाहायचा नाही, हा नेम. यात्रेच्या दिवशी मामा वेशीबाहेर चपला काढायचे आणि जोड्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन, काट्याकुट्यातून अनवाणी बोर्डापर्यंत जायचे. पाय भाजताहेत रस्त्यावर, आणि जोडा बघा, डोक्यावर. माझी बायको चिडायची. तिचं चिडणं ते मान डोलावून ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वर्षी तसंच करायचे.

रिटायर झाल्यावर मामा आमच्याकडं राहायला आले आणि त्यांना साखर निघाली. त्या वर्षी वेशीपासून जाताना पायात काच शिरली आणि त्यांना कळलंच नाही. गौळण पूर्ण रंगली, लोक पोट धरधरून हसले, आणि पडद्यामागं जोडा काढला तेव्हा आतलं अस्तर लाल झालेलं. पुढं जखम चिघळली, डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टरांनी बजावलं, यापुढं घरातसुद्धा एक पाऊल अनवाणी टाकायचं नाही. झालं, मामांची मथुरा बंद. अनवाणी जाता येत नाही, चपलेनं जाववत नाही, आणि जोडा रस्त्यावर टेकवायचा नाही. बायको वडिलांना म्हणाली, “दादा, आता बास करा. लई हसवलं लोकांना.” त्यांनी मान डोलावली. पण रोज दुपारी पलंगावर धुतलेली चादर पसरायचे, जोडा घालायचे, आणि भिंतीला धरून उशीपासून पायथ्यापर्यंत मावशीच्या चालीनं चालून बघायचे. एकदा मी दारातून पाहिलं. चाल जमत नव्हती. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, “कमरेत आहे अजून, पाहुणे. पायातनं गेली.” मला तिथं उभं राहवलं नाही.

तोड शेवटी बायकोनंच काढली. वेशीतून बैलगाडी थेट बोर्डापर्यंत न्यायची, गाडीची मागची बाजू बोर्डाला लावायची, म्हणजे मामांचा जोडा गाडीतून सरळ फळीवर. चाचानं डाव्या पायाच्या जोड्यात पुढं कापूस भरून दिला. मी मामांच्या चपला हातात घेऊन खाली उभा. ढोलकी वाजली आणि मावशी निघाली. एक पाऊल टाकलं की डावा पाय आत वळायचा, अख्खी मावशी एका अंगाला कलायची आणि पदर सावरत परत उभी राहायची. लोकांना वाटलं, यंदा नवीन ढब आणली. असा हशा मी त्या गावात कधी ऐकला नव्हता. पोरं तर लोळत होती. बायकांच्या घोळक्यात माझी बायको पदरात तोंड घालून रडत होती. आणि पहिल्या रांगेतला चाचा पायांकडं बघत नव्हता. त्या वर्षी तो मामांच्या तोंडाकडं बघत होता.

खेळ संपला. गाडी मागं येऊन लागली. मामा बोर्डाच्या कडेला आले, गाडीकडं पाहिलं, माझ्या हातातल्या चपलांकडं पाहिलं. “राहू द्या,” म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून जोड्यासकट खाली मातीत उतरले. मी म्हणालो, “मामा, जोडा.” ते म्हणाले, “आज लोक मावशीला हसले नाहीत, पाहुणे. माझ्या पायाला हसले. हा जोडा आता मावशीचा कशाला म्हणायचा?” एवढं बोलून ते मातीतून, शेणामुतातून, लंगडत वेशीपर्यंत चालत गेले. लोक वाट देत होते आणि अजून हसत होते.

डॉक्टरांना मऊ, बंद जोडा हवा होता. चाचानं भरलेला कापूस त्या पायाला बरोबर बसला होता. मग मामांनी दुसरा घेतलाच नाही. रोज सकाळी पांढरं धोतर, काळी टोपी, हातात किटली आणि पायात हिरवी जरीची मखमल, असे ते दूध केंद्रावर निघायचे. गल्ली आठवडाभर हसली, मग सवय झाली. दारातून बाहेर पडताना ते अगदी कचेरीच्या आवाजात सांगायचे, “मथुरेला जाऊन येतो.” माझी बायको आतून म्हणायची, “सांभाळून जा, मावशी.” आधी तिला त्या सोंगाची लाज वाटायची. लग्नानंतर कितीतरी दिवस तिनं माझ्या बाकीच्या नातेवाइकांना त्याबद्दल सांगितलं नव्हतं.

बोर्डावर इतकी वर्षं कोरा राहिलेला तळ दूध केंद्राच्या वाटेवर दीड वर्षात झिजला. डाव्या अंगानं जास्त. मी जोडा शहागंजला घेऊन गेलो. चाचानं तो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाला, “नया तल्ला डाल देतूँ, पैसे नक्को.” घरी येऊन मामांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, जोडा उलटा करून पाहिला आणि म्हणाले, “नको. एवढं पुरंल मला.”

पुरलं. जोडा अजून आमच्या दारात चपलांच्या रांगेत आहे. झाडताना बायको तो उचलते, खालची जागा झाडते आणि परत तिथंच ठेवते.